कागद नसलेल्या कारवानीची बाजू

एंट्री घटल्या, ही तक्रार श्वानप्रदर्शनाच्या मांडवात आता इतकी मुरली आहे की तिची कारणंही सगळ्यांना तोंडपाठ असतात. तरुणांना धीर राहिला नाही. सरकारनं नियमांचा फास आवळला. दत्तक घ्या म्हणणाऱ्यांनी जातिवंत कुत्र्याला बदनाम केलं. आणि क्लबात राबायला कोणी पुढे येत नाही, म्हणून नाइलाजानं तीच माणसं वर्षानुवर्षं पदावर. चारही कारणांत थोडं थोडं तथ्य आहे. पण चारही बोटं बाहेरच्यांकडे जातात, आतल्या कारभाराकडे एकही नाही. माझा दावा असा की कुत्री पाळणारे कमी झालेले नाहीत. त्यांना रिंगपर्यंत पोचू न देणारी व्यवस्था क्लबांनी आणि त्यांच्याच सभासद ब्रीडरांनी उभी केली, आणि आता रिकाम्या रिंगकडे पाहून तेच हळहळतात.

हे बुलढाण्याहून लिहितो आहे, म्हणजे या खेळाच्या पार कडेवरून. इथल्या माणसाला केनेल क्लब ऑफ इंडियाच्या मान्यतेचा मोठा शो गाठायचा तर नागपूर नाहीतर पुण्याची वाट धरावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे नाही. मलकापूरला जाऊन गाडी धरा, कुत्र्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत कोंबा, किंवा फर्स्ट क्लासचं कूपे मिळतंय का पाहा. नाहीतर स्वतःची मोटार काढा. तरी वाद घालायचा हक्क कडेवरच्यालाही असतो. शिवाय वाद अंगावर घ्यायची या गावाला जुनी खोड आहे. ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे इथल्याच, आणि ते पुस्तक १८८२ चं.

तरुणांचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत कमी टिकतो. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींना सशर्त परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. त्यानंतरचे वऱ्हाडातले शंकरपट पाहावेत. ज्या पोरांना धीर नाही म्हणतात, ती पोरं दिवसभर उन्हात, धुळीत उभी असतात. बैलजोडीच्या खुराकावर खर्च करतात, जोडी टेम्पोत घालून तीन-तीन जिल्हे पालथे घालतात. म्हणजे जनावराची हौस आहे, खर्चाची तयारी आहे, चढाओढीची खुमखुमीही आहे. मग ती श्वानप्रदर्शनात का दिसत नाही? पटावर कोणती जोडी किती सेकंदांत गेली हे सगळ्यांना दिसतं. हरलेला शिव्या घालत परततो, पण का हरलो हे त्याला कळलेलं असतं. आपल्या शोच्या रिंगमध्ये परीक्षक कुत्र्याचे दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, एक फेरी पळवतो आणि बोट दाखवतो. पहिल्यांदा आलेला पोरगा आपलं कुत्रं चौथं का आलं हे न कळताच घरी जातो. शेजारी उभा असलेला अनुभवी हँडलर त्याच्या कानात सांगतो, ‘‘अरे, साहेबांच्या लाईनचं कुत्रं होतं ते.’’ खरं असो वा खोटं, पोरगा पुढच्या वर्षी येत नाही.

कुत्र्याचं सौंदर्य घड्याळावर मोजता येत नाही, हे मान्य. पण ते शब्दांत सांगता येतं. स्वीडन-जर्मनीकडच्या प्रदर्शनांत परीक्षक प्रत्येक कुत्र्याला दर्जा देतो आणि लेखी शेरा लिहून देतो: खांदा कसा, चाल कशी, डोकं कसं, कमी कुठे. शेवटचा आलेलाही हातात काही घेऊन जातो. परदेशी परीक्षकाचं विमानभाडं आणि हॉटेल देणाऱ्या क्लबांना एक लेखनिक आणि कार्बनची वही परवडू नये?

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. ते म्हणजे पेपर, म्हणजे कुत्र्याच्या वंशावळीच्या नोंदीचा दाखला. आमच्याकडे खामगावात, चिखलीत, मेहकरात गल्लोगल्ली लॅब आणि जर्मन शेफर्ड दिसतात. विचारा, पेपर आहेत का? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: विदाउट पेपर घेतलं. पिल्लाची जाहिरातच तशी असते. हेवी बोन, डबल कोट, बाप चॅम्पियन, विथ पेपर अमुक, विदाउट पेपर तमुक. वास्तविक वेताची नोंद करणं, मायक्रोचिप बसवणं आणि मालकी नव्या धन्याच्या नावावर करून देणं हे ब्रीडरचं काम. त्याचा खर्च पिल्लाच्या किमतीपुढे किरकोळ असतो. तरीही पेपर वेगळ्या किमतीला विकला जातो, किंवा मुद्दाम दिलाच जात नाही. घेणारा उद्या आपल्याच लाईनची पिल्लं काढून आपल्यालाच स्पर्धा करील ही भीती. ज्या क्षणी ते पिल्लू कागदाविना मोटारसायकलवर बसून बुलढाण्याचा घाट चढलं, त्या क्षणी ते रिंगमधून बहुधा कायमचं बाद झालं. त्याची पिल्लंही बाद, नातवंडंही बाद. असं वर्षानुवर्षं चाललं तर एंट्री वाढतील कुठून? विहिरीत येणारे झरे आपल्या हातांनी बुजवायचे आणि पाणी आटलं म्हणून पावसाला बोल लावायचा, त्यातला हा प्रकार. असे व्यवहार करणारा ब्रीडर क्लबाच्या कार्यकारिणीवर बसलेला असतो, हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत आहे. कोणी बोलत नाही, कारण उद्या स्टडसाठी त्याच्याच दारात जायचं असतं.

कायद्यांविषयी थोडक्यात. एप्रिल २०१६ मध्ये केंद्रानं व्यापारी पैदाशीसाठी कुत्र्यांची आयात थांबवली. २०१७ मध्ये श्वानपैदाशीचे नियम आले. ब्रीडरनं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद करावी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिच्याकडून वेत घेऊ नये, अशी त्यांची कलमं. यात जाच कोणता? हे नियम क्लबांनीच पूर्वी करून सरकारपुढे ठेवायला हवे होते. १२ मार्च २०२४ चं परिपत्रक मात्र खरोखर वाईट होतं. तेवीस जातींना सरसकट हिंस्र ठरवून त्यांच्यावर बंदी घाला, असं राज्यांना कळवलं गेलं. कर्नाटक उच्च न्यायालयानं त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते रद्द केलं, कारण संबंधितांना विचारलंच नव्हतं. त्या महिन्याभरात आमच्याकडच्या रॉटवायलरवाल्यांची झोप उडाली होती. घरातलं कुत्रं ठेवायचं की नाही, नसबंदी करायची का, पोलीस येतील का, असे प्रश्न घेऊन माणसं गुरांच्या दवाखान्यात जात. क्लबाचा एखादा पत्ता, एखादा फोन नंबर त्यांच्याजवळ नव्हता. ज्या माणसाला अडचणीत क्लब आठवत नाही, त्याला शोच्या फॉर्मसाठी तरी तो का आठवावा?

दुसऱ्या टोकाचे टीकाकार म्हणतात, बरं झालं. जातिवंतपणाचा हा श्रीमंती तमाशा बंदच पडू दे. त्यांच्या हातात पुरावा आहे. २००८ मध्ये बीबीसीच्या माहितीपटानं इंग्लंडातल्या जातिवंत पैदाशीची लक्तरं वेशीवर टांगली. मेंदूला कवटी अपुरी पडणारे कॅव्हेलियर, श्वासासाठी धडपडणारे पग लोकांनी पाहिले. पुढच्या वर्षी बीबीसीनं क्रफ्ट्स या तिथल्या मोठ्या श्वानप्रदर्शनाचं प्रक्षेपण सोडलं. आमच्या इथेही मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या मलकापुरात कूलरसमोर जीभ टाकून पडलेला हस्की दिसतो, तेव्हा या टीकाकारांशी भांडायची इच्छा राहत नाही. पण रोग आहे म्हणून दवाखाना पाडायचा नसतो. बसेनजी या आफ्रिकी जातीत मूत्रपिंडाचा आनुवंशिक आजार बळावला, तेव्हा अमेरिकन केनेल क्लबनं १९९० मध्ये आपली बंद नोंदवही उघडली आणि आफ्रिकेतून आणलेल्या, ज्यांना कसलीच वंशावळ नव्हती अशा कुत्र्यांना आत घेतलं. वंशावळीची वही हे रक्त सुधारायचंही साधन होऊ शकतं, फक्त ती उघडायची तयारी हवी. आणि प्रदर्शनं संपली तर नुकसान हस्कीचं होणार नाही, तो सायबेरियात सुखी आहे. नुकसान होईल कारवानीचं.

ही लांबट डोक्याची, सडपातळ, बारीक कंबरेची शिकारी जात दख्खनची. मेंढपाळांबरोबर, पालावर, शेताच्या बांधावर वाढलेली. लातूर-सोलापूरकडे कारवानी, कानाशेपटीला लांब केस असले की पश्मी. मुधोळच्या घोरपड्यांनी तिला राजाश्रय दिला म्हणून कर्नाटकात मुधोळ हाउंड. केनेल क्लबाच्या वहीत कॅरव्हान हाउंड. २००५ मध्ये टपाल खात्यानं तिचं तिकीट काढलं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं २०२० मध्ये मुधोळची अधिकृत जात म्हणून नोंद केली. बागलकोट जिल्ह्यात तिमापूरला या जातीसाठी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. म्हणजे शेजारच्या राज्यानं आपलं काम केलं. आपल्याकडे मेंढरांमागे चालणाऱ्या कारवानीच्या मालकाला कोणी विचारलं का, की बाबा, हिची आई कुठली, बाप कुठला? त्याला ते चार पिढ्यांचं तोंडपाठ असतं. लिहून घ्यायला माणूस नाही, एवढंच.

लिहून घेता येत नाही असं कोणी म्हणू नये. आमच्या पूर्णा नदीच्या काठची भुरकट रंगाची पूर्णाथडी म्हैस अकोला-बुलढाणा-अमरावतीच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, आणि अलीकडे त्याच कर्नालच्या ब्यूरोनं तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. त्यासाठी कोणी शेतकऱ्याकडे म्हशीची वंशावळ मागितली नाही. माणसं गोठ्यात गेली, शिंगं मोजली, दूध मोजलं, रंग टिपले. कागद गोठ्यातून तयार झाला.

राहिला नेतृत्वाचा प्रश्न. मैदानाची परवानगी, दोर-खांब, पाणी, पशुवैद्य, परीक्षकाची सरबराई, चषक, छापखाना हे सगळं फुकटात सांभाळणारा सचिव सलामाला पात्र आहे. ‘दुसरा कोणी येत नाही’ हे त्याचं म्हणणं मात्र अर्धंच खरं. सभासद व्हायला दोन जुन्या सभासदांची शिफारस लागते, सर्वसाधारण सभेची सूचना ठराविक लोकांनाच मिळते, आणि नवा माणूस हिशेब मागू लागला की त्याला ‘राजकारणी’ ठरवलं जातं. संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदली की महाराष्ट्रात ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तिथे दोन गटांचे दोन रिपोर्ट पडून राहिले की संस्था गोठते. महाराष्ट्रात वाचनालयांपासून तालमींपर्यंत हे आपण पाहिलेलं आहे, श्वानक्लबच तेवढे त्यातून सुटतील असं नाही.

शिवाय हितसंबंधांचा गुंता. इंग्लंडात न्यूकॅसलला १८५९ मध्ये पहिलं नावाजलेलं श्वानप्रदर्शन भरलं, फक्त पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींचं, बक्षिसाला बंदुका. त्यात सेटरचं बक्षीस पॉइंटरच्या परीक्षकाला गेलं आणि पॉइंटरचं सेटरच्या परीक्षकाला, असं सांगतात. हा खेळ जन्मला त्या दिवसापासूनचा हा रोग आहे. औषध अवघड नाही. पदाधिकाऱ्यानं आपल्या क्लबाच्या शोमध्ये कुत्रं उतरवू नये. अध्यक्ष-सचिवांनी सलग दोन कार्यकाळांनंतर बाजूला व्हावं. शोचा जमाखर्च कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर छापावा. आणि पेपर न देता पिल्लू विकणाऱ्या सभासदाचं सभासदत्व काढून घ्यावं. या चौथ्या अटीला सर्वांत मोठा विरोध होईल, यावरूनच ती सर्वांत गरजेची आहे हे ओळखावं.

जिल्ह्यात क्लब नाही, मग हे होणार कसं, असं विचाराल. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडा आणि कुत्रा दोघेही त्या देवाच्या परिवारातले. त्या यात्रेत जिल्हा परिषद पशुप्रदर्शनाबरोबर अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शनंही भरवते. कोट-टायमधला हँडलर तिथे शोधूनही सापडायचा नाही. धोतर-पटक्यातला माणूस दोरी धरून कुत्रं घेऊन येतो, लोक गोल करून पाहतात, बक्षीस लागतं. क्लबवाल्यांना हे गावठी वाटत असेल. मला तर आपल्या भाषेतलं श्वानप्रदर्शन तिथेच दिसतं. त्याला कमी आहे ती नोंदीची. बक्षीस घेऊन कुत्रं गावी जातं आणि त्याचं रक्त कुठे गेलं याचा माग राहत नाही. नोंद करायची विद्या क्लबांकडे आहे, कुत्री यात्रेत आहेत. दोघांची गाठ घालून द्यायची एवढंच काम उरतं.

बुलढाणा जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागानं येत्या हिवाळ्यात पशुप्रदर्शनाबरोबर एक दिवस कुत्र्यांसाठी ठेवावा. देऊळगाव राजा, सिंदखेडराजाकडचं एखादं मैदान निवडावं, म्हणजे जालन्याकडचे मेंढपाळही येतील आणि समृद्धी महामार्गानं परीक्षकालाही येता येईल. अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेतले विद्यार्थी मोजमापं घेतील, चिप बसवतील. पुण्या-नागपूरच्या क्लबांनी एकच परीक्षक पाठवावा, जो शेरा मराठीत लिहील. कारवानी-पश्मीचा एक वर्ग, राखणीच्या गावठी कुत्र्यांचा एक, आणि विदाउट पेपरवाल्या लॅब-शेफर्डचाही एक. प्रवेशाला कागद एकच मागावा: रेबीजच्या लसीचा दाखला.