पत्त्याचा पुरावा

शाखेत असताना एके दुपारी एका संस्थेच्या कार्यकर्त्या बाई एका मुलीला घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असावी. संस्थेने तिला कपड्यांच्या एका कारखान्यात काम मिळवून दिले होते आणि पगारासाठी तिला बचत खाते हवे होते. मी शिरस्त्याप्रमाणे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा मागितला. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, हिला जिथून सोडवून आणली तो पत्ता चालेल का?" मी नियमाकडे बोट दाखवून दोघींना परत पाठवले.

ही 2012 मधील गोष्ट. वस्तुतः कागदपत्रे नसलेल्या व्यक्तीसाठी 'लघु खाते' उघडण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने 2011 च्या आरंभीच कळवलेली होती. अर्जदाराचे छायाचित्र आणि अधिकाऱ्यासमक्ष केलेली सही अथवा अंगठा एवढ्यावर हे खाते उघडता येते. शिल्लक 50,000 रुपयांवर जाता कामा नये, वर्षभरातील जमा 1 लाखाच्या आत आणि महिन्याची उचल 10,000 च्या आत हवी. खाते 12 महिने चालते. दरम्यान ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचे दाखवल्यास आणखी 12 महिने मिळतात. परिपत्रक माझ्याच खणात होते. मी ते वाचले नव्हते.

मानवी अपव्यापार म्हटले की आपल्यासमोर पोलिसांचा छापा उभा राहतो. छापा एका रात्रीत आटोपतो; पुढचा प्रवास मात्र वर्षानुवर्षे चालतो आणि तो बहुतांशी कागदांचा असतो. फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबईत छापे घालून शेकडो मुलींची सुटका झाली. त्यांत नेपाळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. आपल्याच देशाचे सरकार स्वीकारत नाही म्हणून त्या कित्येक महिने इथल्या सुधारगृहांत अडकून पडल्या. अखेर नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला, तेव्हा सव्वाशेच्या वर मुली मायदेशी परतल्या. त्यांच्यातल्याच काही जणींनी 'शक्ती समूह' ही संस्था उभी केली. 2013 मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुसऱ्यांनी सोडवलेल्या मुली पुढे इतरांना सोडवू लागल्या.

खात्याचे एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. उशीखाली ठेवलेला पैसा दलालाला, कधी सख्ख्या नातेवाइकालाही, परत वाट दाखवतो. शासकीय मदतीलाही खाते लागते. महाराष्ट्रात बलात्कारपीडित स्त्रिया व अत्याचारग्रस्त बालकांसाठी 2013 पासून 'मनोधैर्य' योजना आहे. वेठबिगारीतून सुटलेल्यांसाठी केंद्राच्या 2016 च्या योजनेत पुरुषांना 1 लाख, स्त्रिया व बालकांना 2 लाख आणि अत्यंत गंभीर प्रकरणांत 3 लाखांपर्यंत साहाय्य आहे. मात्र वेठबिगारीच्या प्रकरणात प्रशासनाचे मुक्ती प्रमाणपत्र हाती असावे लागते. ते वेळेवर मिळावे म्हणून कचेरीत खेटे घालणारे माणूस संस्थांकडे क्वचितच असते. आपल्याकडे वकील आहेत, चार्टर्ड अकाउंटंट आहेत, माझ्यासारखे निवृत्त लोक आहेत. महिन्यातला एक दिवस कोणाबरोबर कचेरीत बसून काढणे आपल्याला अवघड नाही. बंगाली किंवा नेपाळी जाणणारा कोणी असेल, तर न्यायालयात साक्षीसाठी आलेल्या मुलीला त्याच्यासारखा आधार नाही.

शिलाई यंत्रे वाटण्याचा आपल्याला मोठा सोस आहे. ज्या मुलीला शिवणकामाची आवड नाही, तिला यंत्र देऊन काय साधते? आपल्या पेढ्यांवर माल मोजण्यापासून संगणकावर बिले करण्यापर्यंत कितीतरी कामे असतात. तिला आधी विचारावे, शिकवावे आणि इतरांइतकाच पगार द्यावा. तिची पूर्वकथा दुकानातल्या कोणालाही ठाऊक असण्याचे कारण नाही. देणगी देताना मुलींसह छायाचित्र काढून घेण्याची प्रथा तर तत्काळ बंद व्हावी. पीडितेची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे. तसेच संशय आला म्हणून स्वतः दार ठोठावायला जाऊ नये. 112 वर, मूल असल्यास 1098 वर कळवावे. आपल्या उतावीळपणाने दलाल सावध होतो आणि मुलगी रातोरात दुसरीकडे हलवली जाते.

आता थोडे अप्रिय. चौदा वर्षांखालील मुलाला घरकामास ठेवण्यावर 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. तरीही 'गावाकडून आणलेली, घरच्यासारखीच राहते' अशी मुलगी कोणाच्या स्वयंपाकघरात दिसली, की आपण चहा घेऊन उठतो. वय अठरा असले तरी प्रश्न संपत नाही. तिचा पगार कोणाच्या हाती जातो? तिच्या घरी फोन कोण लावून देतो? आपल्या मालाचे जरीकाम, पैलूकाम ज्या माळ्यावर होते, तिथे आपण शेवटचे कधी चढलो होतो? कारागिराने उचल घेतली आहे म्हणून त्याला गावी जाऊ न देणे ही वेठबिगारी आहे आणि 1976 च्या कायद्याने असे कर्ज मुळातच रद्द ठरते. खतावणीत ते येणे म्हणून दाखवता येत नाही.

त्या मुलीचे खाते पुढे दुसऱ्या एका शाखेत उघडले, असे त्या बाई नंतर भेटल्या तेव्हा सांगत होत्या. मधले तीन महिने तिचा पगार कोणाकडे राहत होता, हे विचारण्याचे मला धैर्य झाले नाही.