अल्प खर्चाची लंकायात्रा

परदेशगमन हे केवळ धनिकांचे काम, अशी आमच्या पुष्कळ पालकांची समजूत दिसते. आमच्या मते ती सर्वस्वी खरी नाही. शेजारचे श्रीलंका बेटच घ्या. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबानेही काही वर्षे थोडेथोडे शिल्लक टाकल्यास तेथील यात्रा घडू शकेल. मात्र काटकसर कोठे करावी व कोठे करू नये, याचा विचार निघण्यापूर्वीच झाला पाहिजे.

पहिली काटकसर स्थळांच्या संख्येत करावी. आठ दिवसांत सारे बेट पालथे घालू पाहणाऱ्याचा पैसा गाडीभाड्यात जातो व पदरी केवळ शीण पडतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी नैर्ऋत्येचा किनारा व कँडीकडील डोंगर सोडावेत. कारण मे महिन्यात तिकडे पाऊस सुरू होतो. उत्तरेकडे तेव्हा ऊन कडक, पण पाऊस थोडा. अनुराधपूर, जवळचे मिहिंतले आणि जाफना, एवढी तीन ठिकाणे पुरे. कोलंबोहून जाफन्यास जाणारा लोहमार्ग अनुराधपुरावरूनच जातो. आगगाडीचा साधा वर्ग, सार्वजनिक मोटारी, एखाद्या कुटुंबाच्या घरची भाड्याची खोली व लहान खाणावळीतील भात-कालवण यांत खर्च आटोक्यात राहतो. प्राचीन स्थळी परकीयांस पडणारे प्रवेशशुल्क तेवढे आधीच हिशेबात धरावे.

दुसरी गोष्ट पूर्वतयारीची. तीस पैसा लागत नाही. अशोकपुत्र महिंद मिहिंतल्यास राजा तिस्साला भेटला व संघमित्तेने बोधिवृक्षाची शाखा अनुराधपुरास नेली, ही परंपरा ज्यास ठाऊक नाही, त्यास तेथे एक टेकडी व एक झाड दिसेल. ज्या अमेरिकन मिशनने १८१३ साली मुंबईत काम आरंभिले, त्याचेच सेवक १८१६ साली जाफन्यास पोहोचले; उडुविल येथील मुलींची शाळा १८२४ सालची आहे. जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय १९८१ साली जाळण्यात आले व सुमारे ९७,००० ग्रंथ नष्ट झाले. ते आज पुन्हा उभे आहे. त्याच्या दारात क्षणभर उभा राहिलेला विद्यार्थी पुस्तक फाडण्यापूर्वी विचार करील.

आता काटकसर कोठे नको ते सांगतो. १९८३ पासून २००९ पर्यंत त्या देशाने यादवी सोसली. २०२२ साली इंधन व औषधे यांचा तुटवडा पडला आणि तेथील रुपयाची किंमत एकदम घसरली. आपला रुपया तेथे आज भारी वाटतो, त्यात त्या लोकांच्या विपत्तीचाही वाटा आहे. तरीही वैशाखी पौर्णिमेस, वेसाक सणात, ते रस्त्याकडेला मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्यास फुकट अन्नपाणी देतात. या अन्नदानाच्या मांडवास ते 'दानसल' म्हणतात. तेथे कोणी जात वा धर्म विचारीत नाही. अशांच्या हातचे जेवून दुसऱ्या दिवशी शहाळेवाल्याशी चार पैशांसाठी हुज्जत घालावी, हे आम्हांस शोभत नाही.

प्रभूने आपल्या शिष्यांस थोडक्या सामानानिशी धाडले, परंतु यजमानाच्या घरास शांती देण्यास सांगितले. आमच्या विद्यार्थ्यांनी प्रवासाचा हाच धडा घ्यावा. आपली चैन कमी करावी. दुसऱ्याची मजुरी कमी करू नये.