व्याजदराला वेठीस कशाला?

‘बाजार गडगडला की मध्यवर्ती बँकेने व्याजदरवाढ थांबवावी’ हे वाचकपत्रातील मत पटले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या करकपातीच्या घोषणेनंतर सरकारी रोख्यांचे भाव कोसळले. रोखे तारण ठेवून केलेल्या व्यवहारांत वाढीव तारण भरण्यासाठी पेन्शन फंडांना तेच रोखे पडत्या भावात विकावे लागले, त्यामुळे घसरण आणखी वाढली. ती रोखण्यासाठी २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंड रोखेखरेदीत उतरली आणि १४ ऑक्टोबरला ठरल्याप्रमाणे थांबली. पण महागाईकडे काणाडोळा केला नाही. ३ नोव्हेंबरला व्याजदर २.२५ वरून ३ टक्क्यांवर नेला. दुखणी दोन, औषधेही दोन. खरेदी मुदतीनंतरही रेटली असती, तर मात्र ही दोन औषधे एकमेकांच्या आड आली असती.

– एक वाचक, पुणे