अणुभट्टीची उष्णता आणि खानदेशचा काळा दगड

साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरच्या सौर प्रकल्पात भर दुपारी वीज भरपूर तयार होते आणि दिवेलागणीला थांबते. घराघरांतली मागणी वाढते ती नेमकी तेव्हाच. खानदेशातून तापी जिथे जाते, त्या गुजरातेत काक्रापारचे अणुवीज केंद्र आहे. तिथल्या 700 मेगावॉटच्या दोन नव्या संचांनी 2023 आणि 2024 मध्ये व्यावसायिक उत्पादन सुरू केले. पण अशी भट्टी दुपारी मंद आणि संध्याकाळी तेज करणे सोयीचे नसते. तिचा मोठा खर्च बांधकामाचा असतो, इंधनाचा थोडा. शिवाय शक्ती एकदम खाली आणली की इंधनात झेनॉन वायू साचतो आणि भट्टी पुन्हा वर आणणे अवघड होते.

म्हणून भट्टी पूर्ण क्षमतेने चालवावी आणि दुपारची उष्णता साठवून रात्री तिची वीज करावी, असा विचार पुढे आला आहे. अमेरिकेत वायोमिंगमधल्या केमरर इथे टेरापॉवर कंपनीचा आराखडा याच धर्तीवर आहे. भट्टी 345 मेगावॉटची. वितळलेल्या क्षाराच्या टाक्यांच्या जोरावर गरजेच्या वेळी 500 मेगावॉट.

तोच क्षार काक्रापारला चालणार नाही.

सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेटचे हे मिश्रण सुमारे 240 अंशांखाली गोठू लागते. केमररची भट्टी द्रव सोडियमची, तिची उष्णता 500 अंशांच्या घरातली. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांची वाफ मात्र जेमतेम 250 अंशांची. दहा अंशांच्या फटीत साठवणार काय? कल्पाक्कमच्या सोडियमवर चालणाऱ्या भट्टीसाठी क्षाराचा विचार जरूर व्हावा; बाकीच्या केंद्रांसाठी तेलाने तापवलेला दगड किंवा काँक्रीट अधिक जुळते.

दगडाचा प्रयोग झालेला आहे. जर्मनीत हॅम्बुर्गला 2019 मध्ये सीमेन्स गमेसाने 1,000 टन ज्वालामुखी खडकात 130 मेगावॉट-तास उष्णता साठवून दाखवली. खानदेश तर अशाच खडकावर वसलेला आहे. एक घनमीटर बेसाल्ट 100 अंशांनी तापवला तर त्यात सुमारे 70 युनिट उष्णता राहते. त्यातल्या चौथ्या हिश्श्याची वीज झाली असे धरले, तर 100 मेगावॉट चार तास पुरवायला साधारण 23 हजार घनमीटर दगड लागेल.

पण दगड दगडात फरक आहे. जळगावच्या खाणींमधल्या खडकाच्या पोकळ्यांत स्टिलबाइटसारखी खनिजे सापडतात. संग्राहक त्यांच्यासाठी चांगले पैसे मोजतात, पण त्यांच्या स्फटिकांत पाणी असते. तापल्यावर ते बाहेर पडते आणि असा दगड तडकण्याची भीती असते. धुळे-नंदुरबारकडे भिंतींसारख्या उभ्या असलेल्या डाइकचा दगड घट्ट असतो. मांडे करणारी बाई खापर पारखून घेते, तशी इथेही पारख हवी: हजारो वेळा तापवून, निववून, भुगा किती पडतो ते मोजून.

ही चाचणी अणुकेंद्रात करण्याची गरज नाही. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात वाफ आहे, टर्बाइन आहे, अनुभवी माणसे आहेत. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने डाइकचे नमुने गोळा करावेत, महानिर्मितीने दीपनगरात जागा आणि वाफ द्यावी आणि न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने खर्च उचलावा. नव्या भट्ट्यांचे आराखडे पक्के होण्याआधी हे व्हायला हवे. नंतर साठवणीच्या टाक्यांसाठी ना जागा उरेल ना वाफेची वाट.