पदवीनंतर खेळाडूने जावे कोठे?

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे गाव विस्तीर्ण जलाशय आणि वनराई यांसाठी ओळखले जाते. अशा गावात व्हॉलीबॉल रुजण्यास फारसे काही लागत नाही. दोन खांब, एक जाळी, एक चेंडू आणि चोपून सारखी केलेली जमीन एवढ्या साधनांवर बारा तरुणांचा खेळ उभा राहतो. त्यांतील एखादा गुणी मुलगा तिरोडा वा गोंदियाच्या महाविद्यालयात गेला, तर पुढची वाट आखलेली आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा संघ, आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही. मात्र पदवी हाती पडताच ही वाट संपते.

त्या दिवशी घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, ‘आता पुढे काय?’ धानाच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबाने असे विचारणे म्हणजे खेळाविषयीची अनास्था नव्हे. तो चरितार्थाचा रास्त प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी एकट्या खेळाडूवर टाकली जाते, हाच खरा दोष होय.

केरळने हे उत्तर पूर्वीच शोधले होते. जिमी जॉर्ज विद्यापीठाच्या संघातून पुढे आला. वैद्यकीय शिक्षण सोडून १९७६ मध्ये तो केरळ पोलीस दलात दाखल झाला. नोकरीने त्याचा खेळ थांबवला नाही, उलट खेळाला आधार दिला. पुढे अबुधाबी आणि इटलीतील व्यावसायिक संघांनी त्याला पाचारण केले. १९८६ च्या सेऊल आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. १९८७ मध्ये इटलीत अपघाती मृत्यू येईपर्यंत तो खेळत राहिला. प्रतिभा त्याची होतीच. पण महाविद्यालय आणि व्यावसायिक मैदान यांना जोडणारा पूल समाजव्यवस्थेने उभारला होता.

आज व्यावसायिक लीग आपल्या देशातच आहेत. २०१९ ची प्रो व्हॉलीबॉल लीग एका हंगामानंतर थांबली. २०२२ पासून प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली. त्यांचे स्वागतच आहे. तथापि हंगाम काही आठवड्यांचा असतो. उर्वरित वर्षभर सराव, आहार आणि दुखापतींवरील उपचार कोणाच्या बळावर करायचे? रेल्वे, सेनादले, पोलीस आणि सार्वजनिक उपक्रम यांचे संघ हेच आजही बहुतेकांचे आश्रयस्थान आहे, आणि तेथील जागा मोजक्याच.

महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. धोरण स्तुत्य आहे. पण ते पूर्वी मिळवलेल्या पदकाचे बक्षीस आहे, पुढे खेळण्याची तरतूद नव्हे. बाविसाव्या वर्षी टेबलामागे बसलेल्या तरुणाला सायंकाळी मैदानावर जाण्याची मोकळीक नसेल, तर आपण एक कर्मचारी मिळवला आणि एक खेळाडू गमावला, असेच म्हणावे लागेल.

प्रत्येक गोष्टीसाठी शासनाकडे पाहण्याची विदर्भाची परंपरा नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये, पारतंत्र्याच्या काळात, वैद्य बंधूंच्या ध्येयनिष्ठेतून उभे राहिले. १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी त्याच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. शतकापूर्वी जे शक्य झाले, ते आज अशक्य का वाटावे? जिल्ह्यातील उद्योग, सहकारी बँका आणि शिक्षणसंस्था यांनी मिळून एक संघ पोसावा. खेळाडूंना अर्धवेळ काम, निश्चित वेतन आणि सरावासाठी हक्काचे तास द्यावेत. क्रीडाक्षेत्रातील कार्यकर्त्यांनी गावोगावचे गुणी खेळाडू हेरून त्या संघापर्यंत पोहोचवावेत.

बलोपासना हा राष्ट्रजीवनाचा पाया आहे, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. ते खरे मानत असू, तर बोदलकशाच्या तरुणाला घर आणि मैदान यांतून एकाची निवड करावी लागू नये.