खड्डा खणण्यापूर्वी

पालकहो, पावसाळा सुरू झाला की आमच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. विचारले तर उत्तर ठरलेले, "सर, पोट बिघडलं होतं." कित्येक वर्षे आम्ही हा दोष उघड्यावरच्या खाण्याला देत आलो. गेल्या पावसाळ्यात मात्र शाळेच्या विहिरीचे पाणी तपासले आणि आमचे डोळे उघडले.

तपासणी साधी आहे. छोट्या बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. तीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचे. पाणी काळे झाले तर त्यात मैला मिसळल्याचा संशय धरायचा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. ही पद्धत ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी 1982 साली प्रसिद्ध केली. आमची बाटली दुसऱ्याच दिवशी काळी झाली. मग विहिरीपासून शौचालयाच्या शोषखड्ड्यापर्यंतचे अंतर मोजले. अकरा पावले! ती जागा आम्हीच दाखवली होती.

दोष शौचालयाचा नव्हे. 2014 पासून स्वच्छ भारत अभियानात गावोगावी शौचालये झाली, ती व्हायलाच हवी होती. चूक झाली ती जागा निवडण्यात आणि जमीन न ओळखण्यात.

पैनगंगेकाठच्या आपल्या या भागात काळी कापसाची जमीन आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तेव्हा पाणी ओतले तर झरझर खाली जाते आणि आपण म्हणतो, जमीन चांगली पाणी पिते. पावसात तीच माती फुगते, भेगा मिटतात, खड्डा तुंबतो आणि घाण वर येते. जेथे खाली मुरूम आणि फुटका काळा खडक लागतो, तेथे सांडपाणी फटींतून न गाळताच विहिरीकडे जाते. म्हणून उन्हाळ्यातल्या कोरड्या मातीवर विसंबू नये. खड्ड्याच्या जागी लहान भोक खणून ते पाण्याने भरावे, माती रात्रभर भिजू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी ओतून ते किती वेळात किती उतरते हे पाहावे. भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान 18 मीटर दूर हवा. काळ्या जमिनीत खड्ड्याच्या बांधकामाभोवती 300 मिलिमीटर रुंदीचा वाळू-खडीचा थरही द्यावा लागतो.

कोणी म्हणतील, आमचे आजोबा हेच पाणी पीत होते. खरे आहे, पण तेव्हा विहिरीशेजारी शोषखड्डा नव्हता. कोणी म्हणतील, आता मिशन भगीरथचा नळ आहे. तोही खरा, पण नळाला पाणी आले नाही की घागर विहिरीकडेच वळते आणि शेतात तर विहीरच असते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक नायट्रेट तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून आमचे मत असे की दर जुलैत आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांबरोबर गावातील प्रत्येक विहिरीचे पाणी तपासावे. नवा खड्डा घेणाऱ्या घरी मातीचीही परीक्षा करावी. आपल्या विहिरीचे नाव निघाले तर अब्रू जाईल, ही भीती आम्ही समजू शकतो. म्हणून निकाल आधी मालकाच्या घरी जाईल, गावात वाच्यता होणार नाही. पण बाटली काळी झाली तर ते पाणी मुलांना देऊ नका, एवढा शब्द आम्हाला हवा आहे.

आमच्या विहिरीवर "पिण्यास अयोग्य" अशी पाटी लावली आहे आणि शाळेचा निकाल दर्शनी फलकावर आहे. येता-जाता जरूर वाचावा.