ख्रिस्ती कवितेची दुहेरी झडती

अमरावती-अकोल्याकडील सुशिक्षित मंडळींत ख्रिस्ती कवितेचा विषय निघाला कीं, एक चमत्कारिक न्यायासन मांडलें जातें. कवीनें मेंढपाळ, कोकरूं, क्रूस हे शब्द योजिले तर त्याची प्रतिमा परकी ठरते. आणि ख्रिस्ताला माउली म्हटलें तर ती आमच्या संतांची उसनवारी ठरते! घरांत राहिल्याबद्दल दंड आणि बाहेर पडल्याबद्दलहि दंड, असा हा न्याय आहे. आम्हांस तो मान्य नाहीं.

उसनवारीचा आरोप प्रथम घेऊं. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. धर्म बदलला म्हणून त्यांची मातृभाषा बदलली नाहीं, कीं तुकोबांचे अभंग त्यांच्या कानांतून निघून गेले नाहींत. ख्रिस्ताला त्यांनीं माता व गुरु म्हणून आळविलें, तें कोणाच्या देव्हाऱ्यांतील मूर्ति पळविण्यासाठीं नव्हे. मराठी माणसाला भक्ति सुचते तीच मुळीं या शब्दांत. आणि ही वाट तरी नवी कोठें आहे? फादर स्टीफन्स यांचें ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' गोव्यांत छापलें गेलें तें १६१६ सालीं.

आमच्या वऱ्हाडानें तर येथें तोंडच उघडूं नये. ज्या अमरावती जिल्ह्यांत रिद्धपुराच्या लोकांनीं गोविंदप्रभूंना माय आणि बाप दोन्ही म्हटलें, जेथें गुलाबराव महाराजांनीं (१८८१–१९१५) स्वतःस ज्ञानेश्वरकन्या व कृष्णपत्नी मानून मंगळसूत्रहि धारण केलें, तेथील वाचकाला 'ख्रिस्तमाउली' या शब्दाशीं ठेंच लागावी? रूपकाची संवय आम्हांस पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. कवीचें आडनांव वाचल्यावर ती सुटते, एवढेंच.

परकेपणाचा आरोप याहून पोकळ. सुगी सरल्यावर खतासाठीं धनगरांचे कळप शेतांत बसविणाऱ्या मुलखाला मेंढपाळ परका? योहानाच्या शुभवर्तमानांतील, मातींत मरून पीक देणारा गव्हाचा दाणा समजण्यास पॅलेस्टाईन गांठावें लागत नाहीं. पेरणीच्या दिवसांत दर्यापूरकडील एखाद्या बांधावर उभें राहिलें म्हणजे पुरे.

ख्रिस्ती म्हणविणारीं पुष्कळ पद्यें सामान्य असतात, हें आम्हीं नाकारीत नाहीं. दर कडव्यांत क्रुसाचा शिक्का उमटविल्यानें काव्य होत नाहीं. पण तसा शिक्का विटेवरच्या विठ्ठलाचाहि मारतां येतो, आणि त्या पद्यांना मासिकांतून मुकाट्यानें जागा मिळते!

लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'वर जीव टाकणारे हेच वाचक, टिळकांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' त्याच बाईंनीं पुरें केलें, तें मात्र उघडून पाहत नाहींत. आजच्या वसईच्या सिसिलिया कार्व्हालो किंवा सायमन मार्टिन यांची कविता हातीं आली, तर क्रूस कोठें आहे याचा शोध आधीं सुरू होतो. सांपडला तर 'पाहा, म्हटलें नव्हतें?' न सांपडला तर 'मग ही ख्रिस्ती कशाची?' कविता वाचावयाची राहून जाते ती जातेच.